८×२५ ची छोटी दुर्बीण: अजिंक्यतारा ते टोकियो, सगळीकडं वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

सुरुवातीलाच सांगतो, घ्या. कुठल्याबी गावात गेल्यावर तिथला टॉवर, मिनार, टेकडी, किल्ला जे असेल ते चढून वरनं शहर बघायची ज्याला आवड आहे त्यानं फोन बदलायच्या आधी ही साडेपाच-सहा हजारांची, मुठीत मावणारी दुर्बीण घ्यावी असं माझं पक्कं मत झालंय. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही, कारण याच मापाच्या अन् याच किमतीच्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या दुर्बिणी मित्रांच्या हातात बघितल्यात आणि त्यांच्यात डोळ्याला जाणवेल असा फरक मला दिसला नाही, माप बघून घ्यायची, नावावर जाऊ नका.

आता माप म्हणजे काय ते. आठ म्हणजे आठपट, ८०० मीटरवरचं घर १०० मीटरवर असल्यागत दिसतं. पंचवीस म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. पंचवीसला आठनं भागलं की ३.१ येतं, म्हणजे दुर्बिणीतनं डोळ्यात शिरणारा प्रकाशाचा झोत साधारण तीन मिलिमीटर रुंद, आणि भर उन्हात आपली बाहुली दोन-तीन मिलिमीटरच उघडी असते, म्हणून दिवसा ही छोटी आणि ती पाऊण किलोपर्यंत जाणारी ८×४२ या दोघींत उजेडाचा फरक फारसा कळत नाही. अंधार पडायला लागला की बाहुली मोठी होते, तेव्हा मोठी दुर्बीण जिंकते, त्यावर खाली लिहितोच. हिचं वजन तीनशे ग्रॅमच्या आसपास, घडी घातली की शर्टाच्या खिशात जाते, विमानात केबिन बॅगेत चालते. लोक विचारतात की आठच का, दहा-बारा पट का नको. तर चित्र जितक्या पट मोठं होतं तितक्याच पट हाताची थरथर पण मोठी होते, आणि टॉवरवर नाहीतर डोंगरावर वारा असतोच. वर आणि दिसणारा तुकडा लहान होतो. माझ्या दुर्बिणीत १००० मीटरवर साधारण ११४ मीटर रुंदीचा तुकडा मावतो, म्हणजे एक आख्खी गल्ली दोन्ही टोकांसकट दिसते. बारापटीत दोन घरं दिसतात आणि ती कुठली हे शोधण्यातच वेळ जातो.

ही दुर्बीण मी पहिल्यांदा घेऊन गेलो ते साताऱ्याच्या अजिंक्यतारा किल्ल्यावर, आणि आजही कुठलीही दुर्बीण तपासायची तर मी तिथंच नेतो. किल्ल्याची समुद्रसपाटीपासूनची उंची सांगतात ३,३०० फूट. पण शहर बघणाऱ्याच्या कामाचा आकडा वेगळा, खालच्या घरांपासून आपण किती वर आहोत तो, आणि तो अडीचशे-तीनशे मीटरच्या मध्ये येतो. आता हे बघा, पॅरिसच्या आयफेल टॉवरचा सगळ्यात वरचा मजला जमिनीपासून २७६ मीटरवर आहे. म्हणजे ज्या उंचीसाठी जगभरातनं माणसं रांगा लावतात जवळपास तेवढी उंची आपल्याला गोडोलीकडनं गाडी काढली की दरवाजापर्यंत डांबरी रस्त्यानं, तिकिटाशिवाय मिळते. मला याचा खरंच अभिमान वाटतो. शिलाहारांचा दुसरा भोज यानं बांधलेला किल्ला, १६७३ मध्ये शिवाजी महाराजांनी घेतलेला, १७०८ मध्ये शाहू महाराजांचा राज्याभिषेक झाला तो इथं साताऱ्यात, आणि मग त्याच्या पायथ्याला पेठा वसत गेल्या, हे सगळं पुस्तकात वाचलं होतं, पण वरनं दुर्बिणीतनं बघताना ते डोळ्यापुढं उलगडतं. राजवाड्याच्या आजूबाजूला जुन्या पेठांची दाटी, मधेमधे अजून राहिलेली कौलं, आणि जसजशी नजर लांब न्यावी तसतशी घरं मोकळी होत जातात, स्लॅबची, निळ्या-काळ्या पाण्याच्या टाक्यांची, मग हायवे.

एक गोष्ट फार कमी लोकांच्या ध्यानात येते. शहर किल्ल्याच्या उत्तरेला आहे. हिवाळ्यात सूर्य दिवसभर दक्षिणेकडं कललेला असतो, म्हणजे उत्तरेच्या कडेला उभं राहिलं की ऊन आपल्या पाठीवर आणि शहराच्या तोंडावर पडतं, डोळ्यावर तिरीप नाही, रंग खुलून दिसतात. दुर्बिणीसाठी याच्याइतकी सोयीची जागा मागून मिळणार नाही. फक्त हिवाळ्यात अगदी पहाटे जाऊ नका, खोऱ्यात धुकं अन् चुलीच्या-शेकोटीच्या धुराचा थर साचलेला असतो, तो वर उठायला नऊ-साडेनऊ होतात. सगळ्यात स्वच्छ हवा म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरात पाऊस पडून उघडल्यावरचे पहिले दोन-तीन तास. तेव्हा यवतेश्वर घाटातल्या वळणावर थांबलेली एसटी ओळखता येते, जरंडेश्वरचा डोंगर हाताला लागेल असा वाटतो, संगम माहुलीकडं पाणी चमकतं. किल्ल्याच्या दुसऱ्या अंगाला गेलात तर सज्जनगड, आणि गाळप चालू असेल तर शेंद्र्याच्या कारखान्याचा धूर.

अण्णांना, म्हंजे माझ्या वडिलांना, सोबत घेऊन गेलो होतो. गुडघ्यामुळं ते फार चालत नाहीत, पण गाडी दरवाजापर्यंत जाते म्हणून आले. आधी नको नको म्हणत होते, त्यांच्या हातात दुर्बीण दिली, उजव्या डोळ्याकडची रिंग त्यांच्या नंबरला लावून दिली आणि मग ती परत मिळायला बराच वेळ लागला. "अरे थांब, तो मंगळवार तळ्याचा काठ, तिथनं वर ये, तो पिंपळ दिसतोय न्हवं का, त्याच्या डाव्या हाताला आपली टाकी." मी म्हणलं अण्णा, ती आपली नाही, शेजारच्यांची. तर म्हणाले, "आपलीच. मी स्वतः रंगवलीय ती." आणि खरंच आपलीच होती. तिथनं पुढं त्यांनी त्यांची शाळा शोधली, जुनं पोस्ट शोधलं, आत्याचं घर शोधलं, पोवई नाक्यावरनं स्टँडकडं जाणारा रस्ता बोटानं हवेत काढून दाखवला. सत्तरी ओलांडलेला माणूस आपल्या गावाकडं बघून इतका खुश झालेला मी याआधी बघितला नव्हता.

तिथंच मला कळलं की वर चढून बघण्याची खरी मजा ओळखीची जागा सापडण्यात आहे. किती उंच चढलो ते नंतरचं. म्हणून परदेशात पण मी आता ट्रिपच्या पहिल्या दिवशी टॉवरवर जात नाही, शेवटच्या एक-दोन दिवसांत जातो. टूरवाले पहिल्याच दिवशी नेतात, अंदाज यावा म्हणून, पण तेव्हा खालचं काहीच ओळखीचं नसतं, सगळ्या इमारती सारख्या, दहा मिनिटांत फोटो काढून माणूस खाली. तेच तीन-चार दिवस गल्ल्या तुडवल्यावर वर गेलं की प्रत्येक चौकाला काहीतरी चिकटलेलं असतं, इथं कॉफी प्यायलो, इथं रस्ता चुकलो, हे आपलं हॉटेल. दुर्बीण तेव्हाच कामाला येते.

पॅरिसचं सांगतो, कारण तिथं ही दुर्बीण वसूल झाली. आयफेलला मी सगळ्यात वर न जाता दुसऱ्या मजल्यावर जास्त वेळ थांबलो, तो ११६ मीटरवर आहे आणि माझ्या मते बघायला तोच चांगला. जमिनीपासून ६७४ पायऱ्या चढून जाता येतं, ज्याला अजिंक्यतारा पायी चढायची सवय आहे त्याला काही वाटणार नाही, आणि जिन्याचं तिकीट स्वस्त पण असतं. ११६ मीटरवरनं शहर अजून शहर दिसतं. इमारतींना बाजू दिसतात, खिडक्या दिसतात, झाडांच्या सावल्या दिसतात. पॅरिसची छपरं जस्ताच्या पत्र्याची, करड्या-निळ्या रंगाची, नुसत्या डोळ्यानं सगळा करडा समुद्र वाटतो, आणि दुर्बीण लावली की त्या छपरांवर मातीच्या नळीच्या केशरी धुरांड्यांच्या ओळीच्या ओळी निघतात, दहा-दहा, पंधरा-पंधरा एका भिंतीवर. हे मला कुठल्याच फोटोत दिसलं नव्हतं. अँव्हालिदचा सोनेरी घुमट, ज्याच्याखाली नेपोलियनची कबर आहे, त्याच्यावरचं नक्षीकाम दिसतं. लांब मोंमार्त्रच्या टेकडीवर सॅक्रे-कूर चर्च पांढरंशुभ्र, नोत्र दामचे दोन मनोरे आणि २०१९ च्या आगीत पडलेला अन् आता परत उभा केलेला सुळका. आर्क द ट्रायोंफ या विजयकमानीच्या गच्चीवर उभी असलेली माणसं पण दिसतात. दुसऱ्या दिवशी मी त्याच गच्चीवर गेलो, २८४ पायऱ्या, उंची फक्त ५० मीटर, आणि ती तर त्याहून आवडली, कारण बारा रस्ते त्या चौकात येऊन मिळतात आणि प्रत्येक रस्त्यात सरळ नजर जाते, शिवाय इथनं आयफेल टॉवर दिसतो. टॉवरवर चढल्यावर टॉवर दिसत नाही, ही साधी गोष्ट तिकीट काढताना ध्यानात ठेवा.

हाच न्याय क्वालालंपूरला लागू पडतो. पेट्रोनासचे जुळे मनोरे बघायचे असतील तर केएल टॉवरवर जा, समोर ते दोघं पूर्ण दिसतात आणि ४१-४२ व्या मजल्यावरचा जोडपूल दुर्बिणीत असा जवळ येतो की बास.

आता उंचीबद्दल थोडं गणित, कारण लोक जास्त वरच्या मजल्यासाठी जास्त पैसे मोजतात. आपल्या उंचीचं मीटरमध्ये वर्गमूळ काढा, ३.५७ नं गुणा, तेवढ्या किलोमीटरवर क्षितिज असतं. २७६ मीटरवर ते ५९ किलोमीटर येतं. बुर्ज खलिफाच्या १२४ व्या मजल्यावर, ४५२ मीटरला, ७६ किलोमीटर. तिथलाच १४८ वा मजला ५५५ मीटरवर आहे, त्याचं येतं ८४. म्हणजे आयफेलच्या सगळ्यात वरच्या मजल्याच्या दुप्पट उंची, पण क्षितिज दीडपट सुद्धा लांब जात नाही. शिवाय वाळवंटी हवेत धूळ असते, त्यामुळं तेवढं लांबचं स्पष्ट दिसणं हवेवर अवलंबून. बुर्ज खलिफा म्हणजे माणसानं केलेली अफाट गोष्ट आहे, ८२८ मीटर, तिथं एकदा उभं राहायलाच पाहिजे आणि मला ते राहून आनंदच झाला, पण तो आनंद उंचीचा, खालचं शहर नकाशासारखं सपाट होतं आणि दुर्बीण लावून शोधावं असं फार काही उरत नाही. दुर्बिणीसाठी माझ्या मते ५० ते ३०० मीटर ही खरी उंची.

इस्तंबूलचा गलाता टॉवर त्यातच बसतो. १३४८ मध्ये जिनोव्हाच्या व्यापारी लोकांनी बांधलेला दगडी बुरूज, साठेक मीटरचा, वर गोल अरुंद सज्जा, मधे काच नाही, मोकळा वारा. खाली गोल्डन हॉर्नची खाडी, पलीकडं सुलेमानिये मशीद, आया सोफिया, तोपकापी राजवाडा एका रांगेत. पण माझी नजर अडकली ती गलाता पुलावर, पुलाच्या कठड्याला लागून गळ टाकून उभी असलेली माणसं, एकामागं एक, दुर्बिणीतनं गळाच्या काठ्या मोजता येतील अशा. आदल्या संध्याकाळी त्याच पुलावर त्यांच्यामागनं चाललो होतो, एकानं बादलीतले मासे दाखवले होते, तो कुठं उभा असेल ते शोधत बसलो. सज्जा अरुंद आहे, मागनं माणसं येत राहतात, तेव्हा कोपर कठड्याला टेकवून उभं राहा, हात स्थिर राहतो आणि वाट पण अडत नाही.

काच. हा मुद्दा नीट वाचा कारण यावर कुणी सांगत नाही. बऱ्याच उंच टॉवरना जाड काच असते आणि दुर्बीण काचेला चिकटवून अगदी काटकोनात समोर बघितलं तरच चित्र स्वच्छ येतं, जरा तिरकं बघितलं की कडा फाटतात, दोन-दोन रेषा दिसतात. दोष दुर्बिणीचा नसतो. म्हणून आधी ठरवा काय बघायचं, मग त्या दिशेच्या काचेपाशी जा. टोकियोच्या शिंजुकू भागात महानगर सरकारची इमारत आहे, ४५ व्या मजल्यावर, २०२ मीटरवर बघायची जागा, आणि ती चक्क फुकट, खाली बॅग तपासतात आणि लिफ्टनं वर सोडतात. सरकारी कचेरीत सामान्य माणसाला असं वर घेऊन शहर दाखवायची पद्धत मला फार आवडली. हिवाळ्यातल्या सकाळी हवा कोरडी असली तर पश्चिमेला फुजी दिसतो. तो साधारण १०० किलोमीटरवर आहे आणि वरच्या गणितानं २०२ मीटरवरनं क्षितिज ५१ किलोमीटरच येतं, पण फुजी ३,७७६ मीटर उंच असल्यामुळं क्षितिजाच्या पलीकडनं डोकं वर काढतो. काचेला लागून, काटकोनात, श्वास धरून बघितलं तर बर्फात उतरलेल्या घळी दिसतात. माझ्या शेजारी एक जपानी आजी होत्या, भाषा कळत नव्हती, मी दुर्बीण पुढं केली, त्यांनी बघितलं आणि परत देताना दोन वेळा कमरेत वाकल्या. त्याच मजल्यावरनं दुसऱ्या बाजूला मेइजी देवळाचं दाट रान, भर शहरात, आणि लांब ६३४ मीटरचा स्कायट्री टॉवर.

दुर्बिणीत खोट काय ते पण सांगतो. सूर्य मावळला की अर्ध्या तासात हिचं काम संपतं, दिव्यांचं शहर बघायला ही नाही, त्यासाठी ८×४२ घ्या आणि वजन सोसा. पुढच्या भिंगांची झाकणं सैल आहेत, कुठंतरी पडणारच. सोबत आलेला पट्टा बारीक, मानेला काचतो, मी कॅमेऱ्याचा जुना रुंद पट्टा लावला. पावसाळ्यात किल्ल्यावर ढगात गेलो की भिंगावर बाहेरनं वाफ धरते, पण आत नायट्रोजन भरलेला असल्यानं आतनं धरत नाही, ही गोष्ट आपल्याकडच्या हवेत फार महत्त्वाची, तेव्हा घेताना ते नक्की बघा. कासच्या पठारावर पण उपयोग होतो, लांबची फुलं पायाखाली न तुडवता जवळनं बघता येतात.

दोन गोष्टी कळकळीनं सांगायच्यात. मावळतीचा सूर्य कितीही तांबडा-मऊ वाटला तरी दुर्बिणीतनं त्याच्याकडं बघायचं नाही, डोळा कायमचा जाऊ शकतो, पोरांच्या हातात देताना तर आधी हे सांगायचं. आणि लोकांच्या खिडक्यांवर धरायची नाही. घराची छपरं, रस्ते, देवळं, झाडं बघा, कुणाचं घरातलं बघू नका, आपल्या गावात नाही आणि परक्या गावात तर अजिबात नाही.

घेताना रस्त्यावर नाहीतर जाहिरातीत "६०×६०", "१०० पट, रात्री पण दिसणार" असं लिहिलेली दिसली तर हात लावू नका, ते आकडे खरे नसतात. पुढचं भिंग लालभडक चमकत असेल तर ती पण नको, चांगल्या भिंगाची चमक हिरवट-जांभळट आणि फिकी असते. झूमवाली नको, तुकडा फार लहान दिसतो. चष्मा असेल तर आय रिलीफ, म्हणजे डोळ्याकडच्या भिंगापासून डोळा किती लांब ठेवून पूर्ण चित्र दिसतं ते अंतर, १५ मिलिमीटरच्या खाली घेऊ नका, नाहीतर कडेनं काळं काळं दिसतं. सांगलीच्या आमच्या मेव्हण्यांना हीच घ्यायला लावली, त्यांच्याकडं गावाला लागून डोंगर नाही म्हणून ते मिरजेकडनं दंडोबाला जातात आणि तिथनं बघतात. ऑनलाइन मागवली असेल तर परत करायची मुदत असतानाच अशा एखाद्या उंच जागी नेऊन लांबच्या टॉवरवर नाहीतर कळसावर धरा आणि दोन मिनिटं सलग बघा. दोन डोळ्यांची दोन चित्रं एकावर एक बसली पाहिजेत. डोकं जड झालं, नाहीतर कळस जोडीनं दिसला तर आतली भिंगं सरकलेली आहेत, फोकस फिरवून ते जात नाही, सरळ परत करा आणि दुसरी मागवा.